पेशीत साठलेलं दिसतं, तेच आजाराचं कारण असतं का?

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा: वडिलांच्या लिव्हरची बायोप्सी झाली. रिपोर्टमध्ये ‘सुमारे ४० टक्के पेशींमध्ये चरबीचा साठा, लोहाचा किंचित साठा’ असं लिहिलं आहे. त्याच सुमारास कुणीतरी सांगितलं की अल्झायमर आणि पार्किन्सन हेसुद्धा पेशीत नको ते साठल्यानेच होतात. मग हे सगळे एकाच जातीचे आजार आहेत का? साठा म्हणजेच आजार का? आणि ‘डिटॉक्स’ करून तो काढून टाकता येतो का?

मी पॅथॉलॉजिस्ट आहे. पेशीत काय साठलंय, ते का साठलंय आणि त्याने पेशीचं काही बिघडलंय का, हे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून सांगणं हे माझं रोजचं काम. तुमचे प्रश्न वाचताना मला जाणवलं की त्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे: डोळ्यांना दिसणारा साठा आणि पेशीचं होणारं नुकसान यांचं नातं काय? हे नातं दर वेळी सारखं नसतं. काही आजारांत साठलेला पदार्थच पेशीला मारतो. काहींत तो दुसरीकडे बिघडलेल्या गोष्टीची फक्त खूण असतो. आणि काही वेळा तर साठवून ठेवणं ही पेशीने स्वतःला वाचवण्यासाठी केलेली सोय असते. या तिन्ही गोष्टी स्लाइडवर जवळजवळ सारख्या दिसू शकतात, म्हणून घोटाळा होतो.

तुमच्या वडिलांपुरतं बोलायचं तर मी त्यांची स्लाइड पाहिलेली नाही. वय, वजन, मधुमेह, मद्यपान, चालू असलेली औषधं, रक्ताचे रिपोर्ट यांवर अर्थ बदलतो. त्यामुळे पुढे लिहितो ते विचार कसा करायचा याबद्दल आहे. निर्णय त्यांच्या डॉक्टरांचाच.

आधी साठा होतो कसा ते पाहू. पेशी ही सतत भरणारी आणि सतत रिकामी होणारी टाकी समजा. टाकी भरून वाहायला लागली तर दोनच शक्यता: नळ जास्त सुटलाय किंवा मोरी तुंबलीय. पेशीच्या बाबतीत मोरी अनेक प्रकारे तुंबते. पदार्थ बाहेर पाठवायची यंत्रणा बिघडते, तो मोडणारं एन्झाइम जन्मतःच नसतं, प्रथिनाची घडी चुकल्याने ते पुढे सरकत नाही, किंवा आत आलेली वस्तू अशी असते की कुठल्याच एन्झाइमला ती मोडता येत नाही. उपचार ठरतो तो यातलं नेमकं काय झालंय त्यावरून. काय साठलंय एवढं कळून भागत नाही.

आता चरबी. सर्वांत जास्त आढळणारा साठा हाच, आणि सर्वांत जास्त गैरसमजही याच्याबद्दलच.

नेहमीच्या स्लाइडवर आम्हाला चरबी दिसतच नाही. ऊतीचा तुकडा मेणात बसवताना तो अल्कोहोल आणि झायलिनमधून जातो, त्यात चरबी विरघळून जाते आणि मागे उरतात कडा स्वच्छ असलेल्या गोल पोकळ जागा. पाणी भरलेल्या किंवा ग्लायकोजेन (पेशीतला साखरेचा साठा) भरलेल्या पेशीही फिकट, पोकळ दिसतात, पण त्यांच्या कडा अशा रेखीव नसतात. शंका आली तर ग्लायकोजेनसाठी पीएएस हा रंग वापरतो. डायास्टेज या एन्झाइमने स्लाइड धुतल्यावर रंग गेला तर ते ग्लायकोजेन होतं. चरबीच पाहायची असेल तर तुकडा मेणात न घालता गोठवून कापावा लागतो आणि ऑइल रेड ओ हा रंग लावावा लागतो. हे सांगण्याचं कारण असं की ‘चरबीचा साठा’ या दोन शब्दांमागे एक अनुमान असतं, आणि ते अनुभवी डोळ्यांनी केलेलं असावं लागतं.

पाच टक्क्यांपेक्षा कमी पेशींत चरबी असेल तर आम्ही ती महत्त्वाची मानत नाही. पाच ते ३३ टक्के सौम्य, ६६ पर्यंत मध्यम, त्यापुढे तीव्र. म्हणजे तुमच्या वडिलांचे ४० टक्के मध्यम श्रेणीत येतात. पण हा आकडा आजाराची तीव्रता सांगतो असं समजू नका. तो फक्त चरबीचं प्रमाण सांगतो.

‘तेल-तूप जास्त खाल्लं म्हणून लिव्हरमध्ये चरबी’ हे सरळ समीकरण वाटतं, पण लिव्हरमधल्या चरबीचा मोठा वाटा जेवणातल्या चरबीतून थेट येत नाही. फॅटी लिव्हर असलेल्या लोकांवर झालेल्या मोजमापात सुमारे ६० टक्के चरबी शरीराच्या मेदपेशींतून सुटलेल्या मेदाम्लांची होती, सुमारे पाव भाग लिव्हरने स्वतः पिष्टमय पदार्थ आणि साखरेपासून बनवलेला, आणि जेवणातून थेट आलेली जेमतेम १५ टक्के. इन्सुलिनचा परिणाम कमी झाला की मेदपेशी मेदाम्लं रोखून धरत नाहीत आणि ती लिव्हरकडे येत राहतात. हा झाला सुटलेला नळ. मद्य दुसऱ्या टोकाला काम करतं: ते पचवताना पेशीची रासायनिक अवस्था अशी बदलते की मेदाम्लं जाळण्याचं काम मंदावतं. आणि प्रथिनांच्या तीव्र कुपोषणात, म्हणजे क्वाशिओरकोरमध्ये, मूल हडकुळं असूनही त्याचं लिव्हर चरबीने भरलेलं असतं. चरबी बाहेर पाठवण्यासाठी तिला प्रथिनाचं वेष्टन लागतं, आणि ते बनवायला प्रथिनंच नसतात. तीन माणसं, तीन कारणं, स्लाइडवर त्याच गोल पोकळ जागा.

यापुढचा भाग मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. त्या गोल थेंबांमध्ये असतं ट्रायग्लिसराइड, म्हणजे मेदाम्लं बांधून बनलेली साठवणीची चरबी, आणि ते बऱ्यापैकी निरुपद्रवी असतं. पेशीला खरा त्रास होतो तो मोकळ्या मेदाम्लांचा आणि त्यांच्यापासून बनणाऱ्या सेरामाइडसारख्या पदार्थांचा. मेदाम्लं बांधून थेंबात ठेवणं ही पेशीची सुरक्षित सोय आहे. २००७ साली उंदरांवरच्या एका प्रयोगात हे थेट दिसलं. ट्रायग्लिसराइड बनवणारं एक एन्झाइम दाबून टाकल्यावर लिव्हरमधली चरबी कमी झाली, पण दाह (सूज) आणि फायब्रोसिस, म्हणजे व्रणासारखे कडक तंतू, वाढले. साठा घटला, आजार बळावला. दुसरं उदाहरण खेळाडूंचं. लांब पल्ल्याच्या धावपटूंच्या स्नायूपेशींत चरबीचे थेंब भरपूर असतात, मधुमेह असलेल्यांच्या स्नायूंतही असतात. पण धावपटूंचे स्नायू इन्सुलिनला उत्तम प्रतिसाद देतात, कारण त्यांच्याकडे ती चरबी रोज वापरली जाते.

म्हणून रिपोर्टमध्ये टक्केवारीच्या पुढे वाचा. पेशी फुगून फिकट झाल्यात का? याला बलूनिंग म्हणतात आणि ते पेशी खरोखर त्रासात असल्याचं लक्षण आहे. दाह आहे का? आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे फायब्रोसिसची पायरी कितवी आहे, शून्य ते चार यांपैकी. पुढे लिव्हरचं काय होणार याचा अंदाज सर्वांत चांगला या पायरीवरून येतो. चरबी ४० टक्के आणि फायब्रोसिस शून्य असलेला माणूस, चरबी १० टक्के आणि फायब्रोसिस तीन असलेल्या माणसापेक्षा बऱ्या स्थितीत असतो. आजार फार पुढे गेला, सिरोसिस झाला, म्हणजे लिव्हर अशा तंतूंनी कडक झालं, की चरबी कमी होत जवळजवळ नाहीशीही होते. नंतरच्या बायोप्सीत ‘चरबी कमी झाली’ म्हणून आनंदलेले नातेवाईक मी पाहिले आहेत, आणि त्यांना खरी परिस्थिती समजावणं फार जड जातं.

चांगली बाजू अशी की हा साठा परत जाऊ शकतो. वजन पाच टक्क्यांनी उतरलं तरी चरबी कमी होते. सात ते दहा टक्के उतरलं तर दाह आणि बलूनिंगही ओसरू शकतात. फायब्रोसिस दुसऱ्या-तिसऱ्या पायरीवर असलेल्यांसाठी रेस्मेटिरॉम हे पहिलं औषध २०२४ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं, पण तेही आहार आणि व्यायामाच्या जोडीनेच. मद्य कारण असेल तर मद्य पूर्ण बंद करण्याला पर्याय नाही.

आता तो ‘किंचित लोह’. लोह पाहायला आम्ही पर्ल्सचा निळा रंग वापरतो. ही पद्धत १८६७ पासूनची आहे आणि अजूनही तिच्यावाचून चालत नाही. इथे किती यापेक्षा कुठे हे जास्त बोलतं. लोह लिव्हरच्या मुख्य पेशींत असेल तर आतड्यातून शोषण जास्त होतंय का, याचा विचार करायचा. ते कुप्फर पेशींत, म्हणजे लिव्हरमधल्या भक्षकपेशींत असेल तर वारंवार रक्त चढवणं किंवा लाल पेशी जास्त फुटणं डोळ्यांसमोर येतं.

लोहाची अडचण अशी की शरीराला ते बाहेर टाकण्याचा ठरवून बनवलेला मार्गच नाही. त्वचेच्या आणि आतड्याच्या झडणाऱ्या पेशींबरोबर दिवसाला एक-दोन मिलिग्रॅम जातं, तेवढंच. सगळं नियंत्रण शोषणावर असतं आणि ते हेपसिडिन या लिव्हरने बनवलेल्या संप्रेरकाच्या हातात असतं. हिमोक्रोमॅटोसिस या आनुवंशिक आजारात हेपसिडिन कमी पडतं. निरोगी माणसाच्या शरीरात एकूण तीन-चार ग्रॅम लोह असतं, या आजारात ते २० ग्रॅमच्या वर जाऊ शकतं. इथे साठा स्वतःच विषारी आहे, कारण मोकळं लोह पेशीत घातक मुक्त मूलकं (फ्री रॅडिकल्स) तयार करतं. आणि म्हणूनच इथे साठा काढून टाकण्याने खराखुरा फायदा होतो. उपाय अगदी साधा आहे: ठरावीक काळाने रक्त काढायचं. अर्ध्या लिटर रक्ताबरोबर २०० ते २५० मिलिग्रॅम लोह बाहेर जातं.

मात्र फॅटी लिव्हरमध्ये थोडं लोह दिसणं सामान्य आहे, आणि फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारं रक्तातलं प्रथिन, तर नुसत्या दाहानेही वाढतं. म्हणून फक्त फेरिटिन पाहून घाबरू नका. ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन, म्हणजे रक्तात लोह वाहून नेणारं प्रथिन किती टक्के भरलंय, ते पाहिलंय का हे विचारा.

विल्सनच्या आजारात असाच प्रकार तांब्याचा होतो. सॅम्युअल विल्सन यांनी १९१२ मध्ये तो वर्णन केला. तांबं पित्तातून बाहेर टाकणारं प्रथिन सदोष असतं, मग ते लिव्हर आणि मेंदूत साठतं, डोळ्याच्या बुबुळाच्या कडेला तपकिरी कडं दिसतं. पेनिसिलामिन किंवा ट्रायएंटिनसारखी औषधं तांबं बांधून बाहेर काढतात आणि जस्त त्याचं शोषण रोखतं. वेळेवर ओळखला तर रुग्ण अनेक दशकं नीट जगतो. तरुण माणसाला कारण न समजणारा लिव्हरचा त्रास आणि हातांचा कंप असेल तर ही तपासणी टाळू नये, असं माझं ठाम मत आहे.

एन्झाइमच नसल्यामुळे होणाऱ्या साठ्याची गोष्ट वेगळी. क्रिस्तियाँ द ड्यूव यांनी १९५५ मध्ये लायसोसोम शोधले. पेशीतला मोडतोडीचा विभाग हाच. १९६३ मध्ये हर्स यांनी दाखवलं की पाँपे या आजारात लायसोसोममधलं एक एन्झाइम नसतं, म्हणून ग्लायकोजेन तिथेच अडकून राहतं. एकेक एन्झाइम गैरहजर असलेले असे आजार मग उलगडत गेले. गोशे, टे-सॅक्स, नीमन-पिक ही त्यांतली नावं. गोशेमध्ये भक्षकपेशी एका ग्लायकोलिपिडने इतक्या भरतात की पेशीद्रव सुरकुतलेला, धाग्याधाग्यांचा दिसतो. अस्थिमज्जेच्या स्लाइडवर अशी पेशी एकदा ओळखली की पुन्हा विसरता येत नाही. १९९१ पासून बाहेरून एन्झाइम देऊन गोशेवर उपचार करता येतो, प्लीहा लहान होते, रक्त सुधारतं. पण हे एन्झाइम रक्तातून मेंदूत जात नाही, त्यामुळे मेंदू ग्रासणाऱ्या प्रकारांत त्याचा उपयोग होत नाही. काही रुग्णांना एन्झाइमऐवजी तो पदार्थ बनणंच कमी करणारं औषध देतात, म्हणजे मोरी उघडत नाही तर नळ बारीक करतात.

प्रथिनांकडे जाण्याआधी अल्फा-१ अँटिट्रिप्सिनच्या कमतरतेबद्दल सांगतो, कारण साठा आणि आजार यांचं नातं मला स्वतःला या आजाराइतकं स्वच्छ दुसऱ्या कशात दिसत नाही. हे प्रथिन लिव्हरमध्ये बनतं आणि फुप्फुसाचं रक्षण करतं. लॉरेल आणि एरिकसन यांनी त्याची कमतरता १९६३ मध्ये वर्णन केली. नेहमीच्या दोषात प्रथिनातलं एकच अमिनो आम्ल बदललेलं असतं. घडी चुकते, रेणू एकमेकांत अडकतात आणि लिव्हरपेशीतच गोळे होऊन राहतात. पीएएसने ते गडद गुलाबी दिसतात आणि डायास्टेजने जात नाहीत. एका चुकीचे दोन परिणाम होतात. लिव्हरचं नुकसान होतं कारण प्रथिन तिथे साठलंय. फुप्फुसाचं होतं कारण ते तिथे पोचलंच नाही. फुप्फुसासाठी हे प्रथिन शिरेतून देता येतं, पण त्याने लिव्हरमधला साठा हलत नाही. लिव्हर प्रत्यारोपण केलं तर दोन्ही प्रश्न सुटतात, कारण नवं लिव्हर योग्य घडीचं प्रथिन बनवतं. तेव्हा साठा पाहिला की मी स्वतःला हेही विचारतो: हे इथे अडकलंय म्हणून दुसरीकडे कशाची टंचाई झाली आहे?

मेंदूच्या आजारांबद्दल तुम्ही ऐकलं ते अर्धं बरोबर आहे. पार्किन्सनमध्ये चेतापेशींच्या आत लेवी बॉडी, म्हणजे प्रथिनाच्या गाठी, दिसतात, फ्रिट्झ लेवी यांनी त्या १९१२ मध्ये वर्णन केल्या. त्यांतलं मुख्य प्रथिन अल्फा-सिन्युक्लिन आहे हे १९९७ मध्ये कळलं. अल्झायमरमध्ये टाउ हे प्रथिन पेशीच्या आत गुंतवळ करतं, पण अमायलॉइड या दुसऱ्या प्रथिनाचे थर पेशीच्या बाहेर असतात. दोन्ही एकाच वाक्यात ‘पेशीतला साठा’ म्हणून सांगितले जातात, ते बरोबर नाही.

आणि इथेही दिसणारा गोळा गुन्हेगार असेलच असं नाही. हंटिंग्टन या मेंदूच्या आनुवंशिक आजाराच्या प्रथिनावर २००४ मध्ये एक सुंदर प्रयोग प्रसिद्ध झाला. जिवंत चेतापेशींवर दिवसेंदिवस लक्ष ठेवलं, तेव्हा ज्या पेशींत प्रथिनाचा मोठा गोळा तयार झाला त्या, गोळा न झालेल्या पेशींपेक्षा जास्त जगल्या. यावरून बरेच संशोधक मानतात की खरे घातक असतात ते सूक्ष्मदर्शकाला न दिसणारे छोटे पुंजके, आणि मोठा गोळा म्हणजे पेशीने त्यांना एका कोपऱ्यात गोळा करून ठेवण्याचा प्रयत्न. मलाही हेच पटतं, निदान हंटिंग्टनपुरतं तरी. साठा हटवण्याचे प्रयोग मेंदूत अवघड का गेले तेही यातून थोडं समजतं. अमायलॉइड हटवणाऱ्या लेकॅनेमॅब या औषधाने अल्झायमरची घसरण काहीशी मंदावते, गेलेली स्मृती परत येत नाही. पार्किन्सनमध्ये सिन्युक्लिनविरुद्धच्या दोन प्रतिपिंडांच्या चाचण्यांचे निकाल २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले, दोन्हींना ठरवलेलं मुख्य उद्दिष्ट गाठता आलं नाही.

काही साठे निव्वळ निरुपद्रवी असतात. वयाबरोबर हृदयाच्या आणि चेतापेशींत जमणारं लिपोफ्युसिन हे तपकिरी रंगद्रव्य, धुरातून फुप्फुसात गेलेला थोडाफार काळा कार्बन. रिपोर्टमध्ये ही नावं वाचून झोप उडवून घेऊ नका. सिलिकाची धूळ मात्र कार्बनसारखी नाही. तीही भक्षकपेशीच गिळते आणि तीही मोडत नाही, पण सिलिकाचे कण लायसोसोम फोडतात, पेशी दाहाचे संदेश सोडते आणि फुप्फुसात कठीण गाठी तयार होतात. थोड्या सिलिकाने जे होतं ते कितीतरी जास्त कार्बनने होत नाही.

आता डिटॉक्स. वर सांगितलेल्या प्रत्येक साठ्याचा बाहेर पडण्याचा मार्ग वेगळा आहे: लोहाला रक्त काढणं, तांब्याला बांधणारं औषध, गोशेला एन्झाइम, चरबीला वजन आणि हालचाल. हे सगळं करणारा एक काढा किंवा एक गोळी असूच शकत नाही. ऑटोफॅजीचं, म्हणजे पेशीने स्वतःचेच टाकाऊ भाग मोडून वापरण्याचं, नाव घेऊन उपासाचे दावे केले जातात. जपानी शास्त्रज्ञ ओसुमी यांना त्या संशोधनासाठी २०१६ चं नोबेल मिळालं, आणि ती पेशीची खरी स्वच्छतायंत्रणा आहे. पण उपास करून मेंदूतली प्रथिनं निघून जातात असं मानवी चाचण्यांत सिद्ध झालेलं नाही. आणि वडिलांना कृपा करून कुठलेही ‘लिव्हर साफ करणारे’ अर्क विचारल्याशिवाय देऊ नका. ग्रीन टीच्या तीव्र अर्कानेसुद्धा लिव्हरला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. आधीच ताण असलेल्या लिव्हरवर हा धोका घेण्याचं काही कारण नाही.

थोडक्यात तुमच्या तीन प्रश्नांची उत्तरं: हे आजार एका जातीचे नाहीत. साठा म्हणजे नेहमीच आजार नव्हे. काही साठे काढता येतात, पण कारणानुसार ठरलेल्या मार्गानेच.

पुढच्या भेटीला जाताना बायोप्सीचा पूर्ण रिपोर्ट बरोबर न्या, फक्त शेवटच्या दोन ओळी नाही. डॉक्टरांना विचारा: फायब्रोसिसची पायरी कितवी? बलूनिंग आणि दाह आहे का? लोह कोणत्या पेशींत आहे? ट्रान्सफेरिन सॅच्युरेशन किती? ते ४५ टक्क्यांच्या वर असेल तर हिमोक्रोमॅटोसिसची जनुकीय तपासणी करायची का, हे बोलून घ्या. त्या तपासणीत तो आजार निघाला तर तुमची आणि तुमच्या भावंडांची तपासणीही करून घ्यावी लागेल, कारण लोह अवयव बिघडवण्याआधी सापडलं तर नुकसान टाळता येतं.